पाचाच्या बटणावरचा ठिपका

२ फेब्रुवारी, रविवार
परत तेच! मी काय इथे सिल्वासात बसून घरचा टीव्ही बिघडवला? आईला किती वेळा सांगायचं, रिमोटची बटणं बनवणं वेगळं आणि टीव्ही रिपेर करणं वेगळं. तरी आज फोनवर पुन्हा, "तू टीव्हीनी कंपनीमा शे ना, मग कर ना काही!"

आईचंही खरं आहे. नानांना, म्हणजे माझ्या वडलांना, साखरेमुळे दिसत नाही. पूर्वी लग्नाची जेवणं रांधायचे, अख्खं गाव वरण मागून प्यायचं. आता टीव्हीवरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम कानाने बघतात आणि तिथल्या बाईला झापतात, "तेल तापलं नाही गं, मोहरी रडतेय!" पण टीव्ही मुका झाल्यापासून तेच कान आईच्या फोडणीला लावलेत. आई म्हणाली, टीव्ही बोलता कर, नाहीतर मी शीतलकडे पिंपळनेरला निघाले. शीतल म्हणजे माझी मोठी बहीण.

विचारलं, टीव्हीवर दिसतं काय? "निस्ती अक्षरं येतस रे भाऊ, बोलस नही काही." आईला वाचता येत नाही. शेजारच्याला बोलव म्हटलं, तर नाना बोलवू देत नाहीत. म्हणे, मन्हा पोऱ्या टीव्हीनी कंपनीमा शे, शेजारी कशाले?

आमची कंपनी सेटटॉप बॉक्सच्या रिमोटची फक्त बटणं बनवते. पण नानांना इतकं बारीक कशाला सांगायचं.

रोग मी ओळखला. दिसत नाही म्हणून नाना भलतंच बटण दाबतात, आणि मेनूची अक्षरं येतात. ठरलं. न दिसणाऱ्या माणसासाठी रिमोट बनवणार. सातवीत माझं गणित राहिलं होतं, डोकं नाही.

४ फेब्रुवारी
किलवणी नाक्यावरून नानांच्या बॉक्सचा रिमोट आणला. एम-सीलही. आधी फक्त चालू-बंदच्या बटणावर ठिपका दिला. मग वाटलं आवाजाला पाहिजे. मग चॅनलला. मग बाकीच्या बटणांनी काय घोडं मारलंय? सगळ्यांना दिले.

संध्याकाळी रूम पार्टनर चिंधाने डोळे मिटून हात फिरवला. म्हणतो, "हा रिमोट आहे का गोवर आलेलं पोरगं?" बारावी शिकलेला आहे. जळतो.

६ फेब्रुवारी
टेस्टिंग. इथे डोकमर्डीत आमच्या घरमालकीण लीलाबेन यांच्याकडे त्याच कंपनीचा बॉक्स आहे. त्यांच्या डोळ्याला टॉवेल बांधला आणि म्हटलं, आवाज वाढवा. त्यांनी काय दाबलं देव जाणे.

"अरे भाई, मारी सिरियल तमिळमां केम बोले छे?"

मी खूप दाबून बघितलं. सगळ्या चॅनलवर तमिळ. लीलाबेन म्हणाल्या, दिवेलागणीपर्यंत गुजराती झाली नाही तर खोली खाली करो. शेवटी चिंधाने केलं काहीतरी. मी सांगणारच होतो त्याला.

निकाल: टेस्टिंग पास. रिमोट चालतो, हे सिद्ध झालं.

९ फेब्रुवारी
उद्या आमच्या सुपरवायझरना, जयवंत सरांना, आयडिया सांगणार. एका माणसाचं भलं कशाला, देशातल्या सगळ्या न दिसणाऱ्या लोकांचं होऊ दे. बढती मिळेल. नोटीस बोर्डावर फोटो लागेल बहुतेक. पांढरा शर्ट धुतला.

१० फेब्रुवारी
सर म्हणाले, एवढे ठिपके कशाला? एकच लागतो, पाचाच्या बटणावर. बोटाला पाच सापडला की बाकीचे आकडे त्याच्या आजूबाजूला. साच्यातच आहे तो, आपल्या प्रत्येक पाचावर येतो.

मी म्हणालो, नाही सर, आपला पाच गुळगुळीत असतो.

सरांनी माझ्या क्रेटमधून एक पाच उचलला. गुळगुळीत. शेजारच्या क्रेटमधून उचलला. त्याला ठिपका. मग माझ्याकडे बघितलं.

माझं काम बटणाच्या कडेचं जादा प्लास्टिक ब्लेडने काढायचं. दिवाळीपासून प्रत्येक पाचावर प्लास्टिकचा थेंब दिसायचा. मला वाटायचं, साचा खराब आहे. कंपनीचं नाव जायला नको म्हणून, कोणी न सांगता, मनापासून तोही काढत होतो.

"सर, माझ्याकडे फिनिशिंग चांगली येते," मी म्हणालो.

फोटोचं विचारलं नाही.

११ फेब्रुवारी
मला पॅकिंगला टाकलं. महिनाभर ओव्हरटाइम बंद, पगारातूनही कापणार. पॅकिंगला डोकं लागतं, म्हणून टाकलं असेल. आणि चूक कोणाची? फुगलेलं दिसलं की काप, असंच शिकवलं होतं. तरी सर वाईट नाहीत. नमुन्याला आलेला ठिपकेवाला अख्खा रिमोट हातात दिला. म्हणाले, "वडलांना पाठव. आणि ब्लेड इथे ठेव."

कुरिअर केला.

१५ फेब्रुवारी
मिळाला! नाना फोनवर लहान पोरासारखे खूश. म्हणे पाच सापडला की सगळं सापडतं, वर दोन, खाली आठ, मसाल्याच्या डब्यासारखं मांडलंय रे. डोळे असताना एवढं कळलं नव्हतं. मन्हा पोऱ्यानी बनाडं, असं गल्लीत सांगून आले. मी नाही म्हटलं नाही. वडलांचं मन कशाला मोडायचं.

मागून आईचा आवाज: "अक्षरंच येतस रे भाऊ!"

म्हणजे दोष बॉक्समध्ये आहे. मोबाईल बोलतो, लिफ्ट बोलते, मग बॉक्सला काय धाड भरली? पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा बॉक्स पाहिजे. उद्यापासून तेच काम. चिंधाला म्हटलं, तू असिस्टंट. तो पांघरूण घेऊन झोपला.

१६ फेब्रुवारी, रविवार
आईने शेवटी शीतलला बोलावून घेतलं. शीतलने टीव्ही लावला, अक्षरं वाचली आणि मला फोन केला.

"ओ टीव्हीवाले, तुमचा रिचार्ज संपलाय. तेच लिहिलंय. नंबर तुझा टाकलेला आहे, बघ मोबाईलमध्ये किती मेसेज पडलेत."

बघितले. बरेच आहेत. सगळे इंग्रजीत. मला वाटलं लोन देतात.

नानांना कळलं तेव्हा मला वाटलं, आता गल्लीत काय सांगतील. पण शीतल म्हणते, ते खूप हसले. म्हणाले, "एवढं त्या डब्याले तोंडाने सांगता येत नव्हतं का?"

तेच तर मी काल म्हणत होतो! आयडिया माझीच बरोबर निघाली.

शीतल म्हणाली, मी भरते. मी म्हटलं, अजिबात नाही, टीव्हीच्या कंपनीत मी आहे. या महिन्यात घरी तीन हजार पाठवायचे होते. पण पगार कापला, ओव्हरटाइम गेला, रिमोट, एम-सील, कुरिअर, लीलाबेनना नवा टॉवेल (जुन्याची गाठ कापावी लागली), वर आता हा रिचार्ज.

घरी पाठवतोय: रुपये दोनशे चाळीस.