टाकीजवळचा माणूस

एकोडी, ता. साकोली
१ जून २०२५, रविवार

प्रिय मनिषदादा,

नमस्कार. घरी सगळे ठीक आहेत असं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहितात, म्हणून मीही लिहिलं. ते किती खरं, ते पुढे कळेल. मे महिन्यात तुझा तो एक फोन आला, त्यानंतर तुझा नंबर लागलेला नाही. रीनावहिनी रोज सकाळ-संध्याकाळ लावून पाहते. काल म्हणाली, "डिंपल, तू पत्रच टाक. पत्र तरी पोचन."

उन्हाळी धान निघाला. धनंजयकाकाने कापणी, मळणी सगळी उभं राहून करवून घेतली. काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. ऊन अजून हटत नाही. माझी परीक्षा झाली, पेपर बरे गेले.

काकाने करवून घेतली, असं लिहिलं तेव्हाच तुझ्या मनात आलं असेल की बाबा कुठे होते. दादा, तू गोळाबाराच्या त्या चार दिवसांत एकदाच फोन केलास, जेमतेम एक मिनिट. आईने सांगितलं, "बाबा बाहेर गेले." बाबा तेव्हा भंडाऱ्याला दवाखान्यात होते. त्यांना लकवा मारला आहे. उजवा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलता येत नाही. आता घरी आणलं आहे. डॉक्टर म्हणतात, फरक पडेल, पण वेळ लागेल. तू तिकडे सीमेवर बंदूक घेऊन उभा, तुला कसं सांगायचं, म्हणून आईने सांगू दिलं नाही. तिच्यावर रागावू नकोस.

झालं ते असं. तिकडे गोळाबार सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी टाकलेला एक व्हिडिओ गावभर फिरला. पत्र्याचं छत, मातीच्या पोत्यांची भिंत, बाजूला पाण्याची निळी टाकी. एक गोळा येऊन पडतो, धूळ उडते, आणि टाकीजवळ उभा असलेला जवान खाली कोसळतो. मग सरपटतो, उठतो आणि पाय ओढत आडोशाला जातो. वहिनी भात वाढत होती. तिने मोबाईल पाहिला आणि पळी हातातच राहिली. "हे तुह्या दादाचं ठाणं आहे," ती म्हणाली. "ही टाकी पाह्य डिंपल. यायनं फोटो पाठवला होता मले."

मी म्हटलं, "नसंल वहिनी." एवढंच म्हटलं.

लाखांदूरहून कुंताआत्या एसटीने रडतच आली. आया-बाया जमल्या. वहिनीने काय केलं माहीत आहे? हातभर हिरव्या बांगड्या घातल्या, ठसठशीत कुंकू लावलं आणि ओसरीत येऊन बसली. कोणी गळा काढला की विचारायची, "खबर आली का सरकारची? मंग कायले रडता?" दिवसभर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

बाबा मात्र तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "हा पाह्य, डावा पाय ओढते. मनिष आठवीत बैलबंडीवरून पडला, तवा असाच पाय ओढे. हा मनिषच होय." संध्याकाळी ते कोणाला न सांगता वरठीला गेले. पंजाबकडे जाणारी गाडी तिथे थांबते. तिकीट खिशात होतं. फलाटावरच पडले. एका हमालाने खिशातल्या कागदावरचा नंबर पाहून काकाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. आई देवापुढे आडवी झाली. सगळे म्हणाले, पोरगा वाचला, बापावर निभावलं.

तो व्हिडिओ खोटा होता म्हणतात. कॉम्प्युटरवरचा कुठलासा लढाईचा गेम होता म्हणतात. तू पाहिलास का? पाहिला असशील तर कळव. जेवत जा.

तुझी,
डिंपल


एकोडी
२२ जून २०२५, रविवार

दादा,

काल चंद्रकुमार घरी येऊन गेला. तुझ्याच तुकडीतला, लाखांदूरचा, सुट्टीवर आलेला, म्हणून आई त्याच्यासाठी शेवया करायला उठली. तो म्हणाला, "नोको काकू, बसा तुमी." आणि मान खाली घालून सांगू लागला.

"मनिषचा फोन जमा केला. त्याले ड्यूटीवरून काढून रोज बसवून इचारतात. साहेब म्हनतात, व्हिडिओ गेमचा असंल, पन ठानं आपलं आहे. टाकी आपली, पोत्याची भिंत आपली, वाट बी आपलीच. आत राह्यल्याबिगर एवढं हुबेहूब कोनाले जमते? फोनमदून एक फोटो निघाला. मनिष म्हनते, बायकोले पाठवला. साहेब म्हनतात, मंग बायकोनं कोनाले देला?"

वहिनी दारात उभी होती. "मी? मी तं कोनालेच नाही..." ती बोलता बोलता थांबली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. फेब्रुवारीत मी तिचा मोबाईल मागून नेला होता, ते तिला तेव्हा आठवलं.

मी म्हटलं, "वहिनी, फोटो मी घेतला. व्हिडिओ मीच बनवला."

दादा, पहिल्या पत्रात मी "कोणीतरी टाकलेला" असं लिहिलं. ते लिहिताना माझा हात थांबलासुद्धा नाही. याचीच मला आता जास्त भीती वाटते. आता सगळं सांगते, जसं झालं तसं.

दिवाळीच्या सुट्टीत तू माझ्या कोर्ससाठी कॉम्प्युटर घेऊन दिलास आणि त्यात तो गेम टाकून दिलास. आपण दोघे खेळायचो. गोळी लागली की माणसाचा श्वास फुलतो, हात कापतो, नेम चुकतो. पायाला लागली तर पाय ओढत चालतो. मी विचारलं होतं, खरंच असं असतं का? तू म्हणालास, "लय जवळ गेले हे लोक. फक्त ड्यूटीवर जे नुसतं बसून राहावं लागते ना दिवस दिवस, ते नाही यात." तू गेल्यावर मी एकटी खेळू लागले. त्यात आपल्या मनाची जागा उभी करता येते. डोंगर, भिंत, झाड, काय वाटेल ते. तू दात घासतानाचा एक फोटो वहिनीला पाठवला होतास. तो मी माझ्या मोबाईलवर घेतला आणि त्यावरून तुझं ठाणं बनवलं. पोती मोजून रचली. टाकीचा रंग जुळेपर्यंत तीन दिवस घालवले. वाट कशी वळते ते तुला व्हिडिओ कॉलवर गप्पा मारता मारता विचारून घेतलं, तुला कळलंही नाही. टाकीजवळ एक जवान उभा केला. तो तू. वाईट काही मनात नव्हतं. कॉलेजातून आले की ते ठाणं उघडून बसायची. तुझ्याकडे जाऊन आल्यासारखं वाटायचं.

मग मे महिना आला. गोळाबाराच्या पहिल्या दिवशी टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या आणि तुझा फोन बंद. दुपारी आई-वहिनी टीव्हीसमोर बसलेल्या, मी माझ्या खोलीत. मला पाहायचं होतं की त्या ठाण्यावर गोळा पडला तर टाकीजवळचा माणूस वाचतो का. मी गोळा पाडला. तो मेला. पुन्हा पाडला. थोडा दूर पाडला तर वाचला. अकरा वेळा पाडला, दादा. सात वेळा तू वाचलास. मी बोटावर मोजत होते.

इथपर्यंत मी वेड्यासारखं केलं म्हणून सोडून देता येईल. पुढचं नाही.

एका खेपेला धूळ, आवाज, तो सरपटणारा माणूस, सगळं इतकं खरं दिसलं की मी स्वतःच दचकले. आणि त्याच क्षणी मला वाटलं, हे लोकांनी पाहिलं पाहिजे. गेमचं माझं एक पेज आहे, त्यावर दोनशे-सव्वादोनशे लोक. मी पडद्यावरच्या सगळ्या खुणा बंद केल्या, गेम आहे हे कळू नये म्हणून. मोबाईलने पडद्याचं शूटिंग केलं, हात मुद्दाम हलवत. कूलर बंद केला, त्याची घरघर येऊ नये म्हणून. मे महिन्यात कूलर बंद करून घामाने निथळत मी ते शूट केलं. वर लिहिलं, "सीमेवरून, आत्ताच." गेम हा शब्द लिहिला नाही. विसरले नाही, लिहिला नाही.

सकाळी चार लाख लोकांनी पाहिला होता. दादा, मला आनंद झाला. खरं सांगते, आधी आनंदच झाला. मग स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला, "ही टाकी पाह्य." तिला दुसऱ्याच कोणीतरी पाठवला होता, वर कुठल्याशा बातम्यांची लाल पट्टी चिकटवून. मी दहा वाजता माझा पेजवरून पुसला. तोवर तो माझा राहिलाच नव्हता.

एक वाक्य बोलले असते तर बाबा वरठीला गेले नसते. "बाबा, हा गेम आहे, मी बनवला." ते पाय ओढणाऱ्या माणसावर बोट ठेवून मला सांगत होते की हा माझा पोरगा, आणि मला माहीत होतं की त्या गेममध्ये पायाला लागलेला प्रत्येक माणूस तसाच चालतो. माझी जीभ उचलली नाही. लोक काय म्हणतील ही भीती होती, पण तेवढंच नव्हतं. बाबा इतक्या खात्रीने सांगत होते की क्षणभर मलासुद्धा वाटलं, खरंच तूच आहेस.

काल मी हे सगळं बोलले तेव्हा चंद्रकुमार उठून अंगणात गेला. वहिनी माझ्यापाशी आली. मला वाटलं, मारेल. ती म्हणाली, "मी बांगड्या भरून बसली होती, तवा तू माह्या बाजूलेच बसली होती ना वो? माह्या हाताले हात लावून?" मी होय म्हटलं. "मंग कशी बसली?" तिने पुन्हा विचारलं, "सांग ना, कशी बसली?" ती आत गेली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. रात्री माझं ताट मात्र तिनेच वाढून ठेवलं होतं.

बाबा आत खाटेवर सगळं ऐकत होते. मी त्यांच्याजवळ गेले, पायाला हात लावला. त्यांनी डाव्या हाताने खूण केली, मोबाईल दाखव. मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी हात खाली घेतला नाही. मी व्हिडिओ लावला. सरपटणाऱ्या माणसापाशी थांबवला आणि म्हटलं, "बाबा, हा दादा नाही. हा कोणीच नाही. हे सगळं मी बनवलं." त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग पडद्यावर बोट ठेवलं आणि घशातून आवाज काढला, "म... म..." डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

दादा, तुझा फोन आला तेव्हा बाबा दवाखान्यात होते. तुझा आवाज त्यांनी ऐकलेलाच नाही. तू बोललास, तू बरा आहेस, हे आम्ही त्यांना रोज सांगत होतो आणि ते मान हलवत होते. मला वाटे, त्यांना कळतं आहे. काल समजलं. ते आमचं मन राखायला मान हलवत होते. त्यांच्या लेखी तू मे महिन्यातच गेलास.

म्हणून तुला लवकरात लवकर सुटून घरी यावं लागेल.

कॉम्प्युटरमधलं मी काहीच पुसलेलं नाही. फेब्रुवारीत बनवलेलं ठाणं, त्याच्या तारखा, तो फोटो, मूळ व्हिडिओ, सगळं आहे. उद्या सकाळी धनंजयकाका आणि मी कॉम्प्युटर घेऊन साकोलीच्या पोलीस ठाण्यात जाणार आहोत. काका म्हणाला, "वकिलाले इचारून जाऊ." मी म्हटलं, वकील नंतर. तू वहिनीला फोटो पाठवायला नको होतास, ती तुझी चूक, आणि ती मी झाकत नाही. पण त्या फोटोपुढचं सगळं माझं आहे. वहिनीने फोटो कोणालाही दिला नाही. तिला विचारल्याशिवाय मी तो घेतला.

हे पत्र चंद्रकुमारच्या हाती देते आहे, तो मंगळवारी निघतो. तू वाच आणि तसंच साहेबांच्या हातात दे. म्हणून वर "प्रिय" लिहिलं नाही. त्यांनी वाचताना बहीण भावाला वाचवायला लिहिते आहे असं समजू नये. त्यांना मला विचारायचं असेल तर मी इथेच आहे, बोलावतील तिथे येईन.

वर लिहिलेलं सगळं मी शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतः लिहिलं आहे.

डिंपल श्यामराव कापगते
वय २१, बी.एस्सी. द्वितीय वर्ष
मु. पो. एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा
शिपाई मनिष श्यामराव कापगते याची सख्खी बहीण