बशीखालचा डॉलर

बाबा,

तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, की हाती पैसा आला तर संत्र्याची बाग सोडून डॉलर काहून घेतले. म्हणून सरळ सांगते. मी शाळेतून निवृत्त झाले, फंडाचा पैसा एकदम हातात आला, आणि अमरावतीच्या आमच्या घरात महिनोन् महिने एकच विषय चालला: यातला काही भाग परदेशी चलनात ठेवायचा की नाही. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या एक बाई घरी येऊन रुपया कसा घसरत जातो ते लॅपटॉपवर दाखवून गेल्या. मी मान डोलवत होते, आणि तुमचे जावई त्या बाईंना पोहे वाढताना असे बघत होते, की त्या पोह्यांचेही पैसे बुडणार.

तुम्हाला ठाऊकच आहे, अकोल्याचा माणूस, मुदत ठेवीवर देवासारखी श्रद्धा. त्यांचं म्हणणं होतं, आपण तूरडाळ रुपयात घेतो, बीपीच्या गोळ्या रुपयात घेतो, लाइटबिल रुपयात भरतो, मग त्या डॉलरचं काय लोणचं घालायचं? शिवाय तिकडचा बाजार बसला तर तो उठेपर्यंत वाट बघायला आपलं वय आहे का? खरं सांगू, सल्लागार बाईंची उत्तरं होती, पण ती माझी नव्हती. माझ्या मनात सारखी बशी येत होती.

अकोल्याचं आमचं ते स्वयंपाकघर. माझं लग्न नवं आहे, आणि तुम्ही वरूडहून एसटीनं आला आहात, पिशवीत संत्री, बरोबर आईनं दिलेलं काहीबाही. चहा बशीत ओतून, फुंकर घालून, आवाज करत पिता. माझ्या सासूबाई तिकडे तोंड फिरवून हसतात. आणि उठताना ती बशी ओट्यावर पालथी घालता. तिच्याखाली नोटेची घडी. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही, ही तुमची रीत. मी दर वेळी म्हणायची, कशाला ठेवता, मी काय हॉटेल काढलंय? एकदा मी चिडवलं, की या चिल्लर नोटा काय ठेवता, ठेवायचीच तर एक मोठी ठेवा. तुम्ही चिडलात. चप्पल घालता घालता थांबलात.

"मोठी नोट मोडाले तुले कोनाले तरी मांगा लागन. मंग घरभर हिशेब. जो लेकीले लगेच चालते, तोच पैसा, बाई. बाकी सारा कागद."

तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. ते कळलं अमेरिकेत, तुमच्या नातीच्या घरी. हा वाद चालू असतानाच आम्ही पहिल्यांदा गेलो, ते तिच्या पैशानं. तिकिटं तिची, विमा तिचा, फोनचं कार्डही तिचं. निघायच्या दिवशी मी मुद्दाम कपबशीत चहा मागितला, बशी पालथी घातली आणि खाली पाचशेची नोट ठेवली. पोरगी पोट धरून हसली. मला मिठी मारली. मग चुंबक लावून तिनं ती नोट फ्रिजवर टांगली, पिझ्झाच्या जाहिरातीशेजारी. तिनं मायेनंच केलं, बाबा, मी रागावले नाही. पण मी लहान झाले. तुमच्या नोटेनं मी अकोल्यात भेळ खाल्ली, गजरा घेतला, माझी नोट तिथं शोभेला लागली.

परत आल्यावर मी तुमच्या जावयांना समोर बसवलं. म्हटलं, डाळीचा आणि गोळ्यांचा पैसा तुमच्या ठेवीत, त्याला हात नाही. एक भाग तेवढा डॉलरच्या फंडात, आणि तो फक्त लेकीकडे जायला. तिकीट, विमा आणि बशी. वाढला तर बरं. पडला तर पुढच्या वर्षी जाऊ, त्यापायी घरची चूल विझत नाही. ते म्हणाले, "मंग असं सांग ना. रुपया पडते, रुपया पडते, हे कायले सांगून राहिली होती मले?"

आता गंमत ऐका. रोज सकाळी सोन्याच्या भावाआधी डॉलरचा भाव हेच पाहतात. वाढला की बाल्कनीत असे फिरतात जसा काही यांनीच वाढवला. उतरला की माझ्या चहात साखर कमी.

यंदा आम्ही आमच्या तिकिटानं गेलो. त्या फंडातला तुकडा मोडून. परतीच्या दिवशी मी बशी पालथी घातली, खाली डॉलरची नोट, लहानच, तुमच्या नियमानं. पोरगी वैतागली. मी कमावते, आई, ही नाटकं आता पुरे, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या आजोबांचा रोग आहे, औषध नाही. आणि बूट घालायला दाराशी आले. एक बूट घातला असेल नसेल, तेवढ्यात मागे स्वयंपाकघरात बशी वाजली.

हे पत्र काही टपालात पडणार नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. तो आवाज मला ओळखीचा आहे, बाबा. तुम्ही जिना उतरत असायचे, मी तोंडानं 'कशाला ठेवता' म्हणत असायची, आणि तुमच्या चपलांचा आवाज थांबायच्या आत माझा हात बशीवर असायचा.