उजव्या समासातला मोठा हशा

ती. अक्कांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे ज्याला तुम्ही माघारी ‘व्याख्यान’ म्हणता त्याचा, नमस्कार. गुडघा कसा आहे? साडूभाऊंचा खोकला थांबला का? (नसेल तर त्यांना फार बोलू देऊ नका. गप्प राहण्याने घशाला आराम पडतो, असं मी ऐकून आहे.)

मी टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहितो आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दोन जोडपी, तीन बिनलग्नाचे मित्र, एक सोफा. सगळे सोफ्याच्या एकाच बाजूला तोंड करून बसतात, कोणाचं कोणाशी जमावं यावर बावीस मिनिटं बोलतात आणि भांडी कोणीच घासत नाही. तरी मी काम घेतलं. कारण माणसं एकमेकांबरोबर कशी राहतात याहून गंभीर विषय जगात नाही, हे मी तीस वर्षं व्यासपीठावरून सांगत आलो आहे. अट एकच घातली. अशा मालिकांत हसण्याचा आवाज मागाहून भरतात, आणि तो कुठे भरायचा हे आवाजाचं यंत्र सांभाळणारा ठरवतो. हा लेखकाचा अपमान आहे! हसू कुठे यावं हे लेखकच ठरवील, असं मी दिग्दर्शकाला पाऊण तास सुनावलं. “लिहून देतो, काका, पण आता बसा,” म्हणत त्याने करारात तसं कलम घातलं. तेव्हापासून मी संवादाशेजारी, उजव्या समासात, ‘हशा’ किंवा ‘मोठा हशा’ असं लिहीत आलो.

माझं अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून स्वच्छ प्रत तुमची बहीण करते. नवव्या भागात नवरा सभा गाजवून घरी येतो, तेव्हा बायको म्हणते, “सभेत माझ्याबद्दल किती छान बोललात. मग घरी माझ्याशी का बोलत नाही?” वाक्य माझं नव्हे. गेल्या महिन्यात जेवताना ते मला ऐकवलं गेलं होतं. (उत्तर दिलं नाही. वाक्य इतकं चांगलं होतं, की विसरायच्या आत उठून टिपून ठेवणं भाग होतं.) शेजारी मी लिहिलं, मोठा हशा. तिने एक स्वल्पविरामही न बदलता प्रत केली आणि दुसऱ्या दिवशी, अक्काचा गुडघा दुखतोय म्हणून तुमच्याकडे निघून आली. मला खरोखर तुमच्या गुडघ्याची काळजी वाटली.

तालमीत बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी ते वाक्य म्हटलं आणि कोणी हसेना. दिवेवाला जमिनीकडे बघत राहिला. दिग्दर्शक हळूच म्हणाला, “काका, इथे हशा नको. ती खरंच विचारतेय.” आणि अक्का, मी काय करावं? कलम दाखवलं. विनोदाच्या उगमावर अर्धा तास बोललो आणि जिंकलो. चित्रण झालं, हशाही भरला गेला. त्या रात्री घरी येऊन प्रत उघडली. तिच्या गोल, सुबक अक्षरात ‘मोठा हशा’ वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सकाळी धावत जाऊन दिग्दर्शकाला म्हटलं, हशा काढ. तो म्हणाला, “भाग वाहिनीकडे गेला, काका. गुरुवारी संध्याकाळी लागतोय. शिवाय तुमचं म्हणणं आम्हाला पटलं.” तीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी माझं म्हणणं पटलं होतं.

साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
व्याख्यान

ता. क. गुरुवारी संध्याकाळी तुमचा टीव्ही बिघडू शकेल का? निदान तिला कुठेतरी फिरायला न्या. गुडघ्याचं कारण वापरून झालं आहे, दुसरं काही काढा.

ता. क. २ टीव्हीला हात लावू नका. तिला सगळं ठाऊक आहे, प्रत तिनेच केली आहे. गुरुवारी मीच येतो. पण आधी तिला विचारा. नको म्हणाली तर तसं कळवा, मी वाद घालणार नाही. येऊ देत म्हणाली, तर माझी खुर्ची तिच्या शेजारी ठेवा, समोर नको. समोर कोणी बसलं की मला सभा दिसायला लागते.