त्याला सांग

मंगळवार, ११ जानेवारी २०००
समुपदेशनाला नवं कुटुंब. कसबा पेठेतलं, तिघंच. वडील अप्पा, बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मुलगा समीर, सॉफ्टवेअर कंपनीत. पेशंट म्हणून आणलंय आईला, शालिनीकाकूंना. तीन आठवडे आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही. घशात दुर्बीण घालून झाली, सगळं स्वच्छ. काकू पाटी-पेन्सिल घेऊन आल्यात.

विचारलं, "काकूंचा आवाज गेल्यापासून घरात कोण कोणाशी बोलतं?"
"टीव्ही बोलतो," अप्पा म्हणाले.

मग हळूहळू बाहेर आलं. समीरने दुकानात बसायला नकार दिला, तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. तीन वर्षं! सगळं काकूंमार्फत. अबोला जाहीर झाला तोसुद्धा: "त्याला सांग, आजपासून माझ्याशी बोलायचं नाही." समीर समोरच जेवत होता. तरी काकूंनी सांगितलं म्हणे. मला हसू आवरेना, वहीत तोंड खुपसलं.

एकीकडूनच आरपार दिसणाऱ्या आरशामागे बाई (माझ्या सुपरवायझर) बसतात, हे कुटुंबाला आधीच सांगितलेलं. टेबलावरच्या इंटरकॉममधून तिकडे ऐकू जातं, तिकडून सूचना येतात. जाताना अप्पांनी त्या डब्याकडे पाहिलं. "खरखरतोय. कुणी जोडलाय हा?"

मंगळवार, १८ जाने.
डोक्यात एकच. लक्षण एकाच्या अंगावर दिसतं, पण ते घरासाठी काहीतरी काम करत असतं, असं शिकवलंय आम्हाला. मग काकूंच्या गप्प राहण्याचं काम काय?

"काकू, उद्या सकाळी आवाज परत आला तर पहिलं वाक्य कोणतं?"
बराच वेळ लिहीत होत्या. मी वाकून वाचणार, तोच तळहाताने पुसून टाकलं. समीर बुटांकडे बघत होता.

अप्पांना विचारलं, तुमच्या मते बिघाड कुठे? "रेडिओ बंद पडला की गिऱ्हाईक म्हणतं स्पीकर गेला. स्पीकर क्वचित जातो हो. मागे कुठेतरी तार सुटलेली असते." मी दोन वर्षं पुस्तकं वाचून हेच शिकतेय.

बुध. १९
समीरचा फोन, ऑफिसातून, दबक्या आवाजात. अमेरिकेत नोकरी. व्हिसा झालाय, तिकीट १२ फेब्रुवारीचं. डिसेंबरात आईला म्हणाला होता, "बाबांना तूच सांग." त्याच संध्याकाळी काकूंचा आवाज गेला. अप्पांना अजून पत्ता नाही.

पाटीवर काय होतं ते कळलं. आवाज आला की ते सांगावं लागणार. कशाला येईल मग?

"मॅडम, तुम्हीच सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."
बघते म्हणाले. का म्हणाले देव जाणे.

शुक्र. २१
अप्पांचा फोन. "समीरला सांगा, गुरुवारी आईला डॉक्टरकडे न्यायचंय, रजा काढ म्हणावं." मी समीरला लावला. तो म्हणाला, "त्यांना सांगा, काढतो." मी अप्पांना लावला, सांगितलं. "बरं," म्हणाले. मी फोन ठेवला आणि तिथेच बसले. एका छताखाली राहणारी दोन माणसं, आणि निरोप नेतेय मी. वर ते गुपितही माझ्याकडेच.

मंगळ. २५
आज कुटुंब नव्हतं, फक्त बाई. सगळं कबूल केलं. बाईंनी आधी चहा संपवला.
"छान. काकूंच्या जागी भरती झाली तुमची. आता घसा सांभाळा."
मग म्हणाल्या, "काही सांगू नका. पुढच्या वेळी काकूंना आरशामागे आणा. त्या दोघांना सोडा खोलीत."
"आणि नाहीच बोलले तर?"
"तर तेही कळेल."

घरी लेक: "आई, बाबांना सांग ना, शनिवारी मला उशीर होईल." निघालेही मी. बाबा दहा पावलांवर पेपर वाचत होते. अर्ध्यातून परत फिरले, म्हटलं तूच सांग. मी वेडी झाल्यासारखं बघत राहिली माझ्याकडे.

मंगळ. १ फेब्रु.
काकू, बाई आणि मी अंधाऱ्या खोलीत. काचेपलीकडे बापलेक. वीस मिनिटं शब्द नाही. स्पीकरमधून नुसती खरखर. मला खरंच भीती वाटत होती. अकरा दिवस राहिलेत. हा असाच निघून गेला तर त्या घरात कोण कधी बोलणार?

मग अप्पा उठले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, इंटरकॉम उलटा केला. झाकण निघालं. मान न वळवता एक हात मागे धरला. समीरने किल्ल्यांना लावलेली छोटी बॅटरी काढली, पण हातात दिली नाही, जवळ जाऊन स्वतःच डब्यात उजेड धरला. अप्पांनी एक तार सोडवली आणि आमच्याकडचा आवाज पार बंद.

अप्पा डब्यात बघत काहीतरी म्हणाले. समीर काहीतरी म्हणाला. मग समीर बोलतच राहिला. अप्पांचा हात थांबला. बॅटरीचा उजेड हलत होता.

माझ्या शेजारून घोगरा आवाज आला. "काय म्हणतोय तो? हे काय म्हणाले?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. पाटी मांडीवर कोरीच.
"माहीत नाही, काकू," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. इतकं ऐकावंसं मला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "जोडलाय. आता खरखरणार नाही." समीरचे डोळे लाल. मी प्रश्न गिळून उभी राहिले.

जिन्याशी दोघं काकूंसाठी थांबले. काकूंनी हातानेच पुढे व्हा म्हणून खूण केली आणि खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसल्या. त्या चपलेला पट्टा नव्हताच.