उपाशीपोटीची गोळी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुलाच लिहायला बसलो. दुसऱ्या कुणाला लिहिलं तर तो वाचील, ही भीती. तू किनवटच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होतीस म्हणून मी सातवीपर्यंत तरी शिकलो. अक्षर अजून तसंच वाकडं आहे.

तू गेलीस तेव्हा तुझी नात जन्मलीही नव्हती. ती डॉक्टर झाली. नांदेडला एम.बी.बी.एस. झाली तेव्हा मी मोंढ्यात, जिथं काट्यावर पोती तोलायचो त्या दुकानात, पेढे वाटले आणि मनात म्हटलं, सुटलो. पण ती पुढं एम.डी. करायला लागली, आणि ते झाल्यावर म्हणाली, बाबा, अजून तीन वर्षं, हैदराबादला. आता काय राहिलं, असं विचारलं तर म्हणाली, ग्रंथींचं. माझी झोप उडाली. पोरीचं वय, लोकांचे प्रश्न, परक्या गावात तिचं जेवणखाण, सगळं डोक्यात फिरायचं. हृदयाची डॉक्टर, हाडांची डॉक्टर, हे लोकांना कळतं. अंतःस्रावी ग्रंथी हे मी पाठ केलं, पण चारचौघांत जीभ अडखळायची. शेवटी साखरेची आणि थायरॉईडची म्हणायला लागलो. देगलूरचे पाहुणे हसले. म्हणाले, साखरेला कशाला एवढी वर्षं लागतात, चहात कमी टाकली की झालं. मीही त्यांच्याबरोबर हसलो.

एकदा सुट्टीत घरी आली होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं गळा काढला आणि त्यात थायरॉईडची ग्रंथी, पंख पसरल्यासारखी. ग्रंथी मोठी झाली की गळा कसा फुगतो तेही काढून दाखवलं. मी बघतच राहिलो. तो तुझा गळा होता. मग मी तिला सगळं सांगितलं. चुलीपुढं घाम निथळत असतानाही तू पदर गळ्याभोवती गुंडाळून ठेवायचीस. आश्रमशाळेत डॉक्टरांचं शिबिर आलं तेव्हा मी तुला हाताला धरून नेलं, आणि त्या मोठ्या डॉक्टरानं तुझा पदर बाजूला करून शिकाऊ पोरांना हाक मारली, या, बघा म्हणून. तू उठलीस. "धा जनांपुढं गळा दाखवाया म्या काय बाजारातलं जनावर हाय का?" एवढं बोलून जी निघालीस ती पुन्हा कुठल्या दवाखान्याची पायरी चढली नाहीस. शेवटी शेवटी तुला भाकर गिळवत नव्हती, वरणाचं पाणी तेवढं उतरायचं. नात खाली बघून ऐकत होती. पुढं लातूरला दवाखाना काढला तेव्हा तपासायची खोली आणि बसायची खोली यांच्यामधली भिंत तिनं छतापर्यंत बांधून घेतली. कामावरच्या पोरींना सांगितलं, इथं कोण आलं, कशासाठी आलं, ते इथंच ठेवायचं. मला म्हणाली, "आजीमुळं."

तुझी सून गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आलो. घरात एकट्याला करमत नाही, नको ते विचार येतात, म्हणून दवाखान्यात एका खुर्चीवर बसून असायचो. जळकोटची एक मुलगी बापाबरोबर यायची. पहिल्यांदा आली तेव्हा चेहरा सुजलेला, केस मूठमूठ गळत होते, बसल्या जागी डोळा लागायचा. मी पाणी दिलं तर ती रडायलाच लागली. गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत पोर ओळखू येईना, इतकी टवटवीत झाली. जाताना "येते आजोबा" म्हणायची. मला आवडायचं ते.

या उन्हाळ्यात मेव्हण्याच्या पोरासाठी स्थळ बघायला जळकोटला जायचं ठरलं. वडीलधारा म्हणून मलाही जीपमध्ये घेतलं. घर कुणाचं, मुलगी कोण, हे मी काही विचारलं नव्हतं. बुद्धवंदना झाली, पोहे झाले, आणि चहाचा ट्रे घेऊन तीच आली. इतका वेळ आतल्या गडबडीत असलेला तिचा बाप तिच्यामागून आला, त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं नजरेनं मला काही सांगितलंही असेल. मी बोललो, "बेटा, गोळी उपाशीपोटी घेतीस ना रोज? डॉक्टरबाईला सांगू का तू बरी हाईस म्हणून?"

ट्रेमधले कप वाजले. मेव्हण्याची बायको म्हणाली, "कसली गोळी?" मी घाईघाईनं सांगायला लागलो, की थायरॉईडची, साधी असते, आमच्या पोरीचीच पेशंट आहे, काही भ्यायचं कारण नाही. जितकं सावरायला गेलो तितकं सांडत गेलं. मुलगी अजून तिथंच उभी होती. तिच्यासमोरच मेव्हण्याच्या बायकोनं विचारलं, "मग लेकरं होतील का हिला?" चहा तसाच ठेवून, कळवतो म्हणून आम्ही उठलो. मागाहून नकार कळवला.

घरी येऊन मी तुझ्या नातीला सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती नुसती खुर्चीवर बसली. मी म्हटलं, तू मेव्हण्याकडं जाऊन सांग, डॉक्टर हाईस, तुझं ऐकतील, गोळी घेतली की लेकरंही होतात म्हणावं. ती म्हणाली, "बाबा, त्यांनी विचारलं तर मी त्या मुलीला ओळखत नाही, असंच मला म्हणावं लागेल. तुम्ही माझ्या हातात काही ठेवलंच नाही." दवाखान्यात येऊ नका, असं ती म्हणाली नाही. मीच गेलो नाही. शेजाऱ्यांना कंबर धरली म्हणून सांगतो.

मागच्या आठवड्यात गंजगोलाईच्या बाजारात त्या मुलीचा बाप समोर आला. मी हात जोडले. तो शिव्या देता तर बरं झालं असतं. म्हणाला, "काका, तिनं गोळ्या बंद केल्यात. म्हणती, गोळीच नसंल तर कुणी काय सांगंल. पुन्हा झोपून राहती दिवसभर." तसाच रिक्षानं घरी आलो आणि पोरीला सांगितलं. तिनं आत जाऊन दार लावलं, फोनवर बराच वेळ बोलत होती. दोन दिवसांनी जेवताना मी विचारलं, आली का गं ती?

"कोण, बाबा?"

भाकरीचा तुकडा तिनं माझ्या ताटात वाढला आणि दुसरंच काही बोलायला लागली. तेव्हापासून मला कळत नाही ती पोर गोळी घेते की नाही, आणि आता कधी कळणारही नाही. रात्र रात्र हेच डोक्यात असतं.

तिच्या बापाला पत्र लिहायचं म्हणून कागद घेतला होता, ते धाडस झालं नाही. सगळ्यांना मी सांगितलंय, त्या मुलीच्या मायेपोटी तोंडातून निघून गेलं. तुझ्या नातीलाही तेच सांगितलं. पण माय, त्या बैठकीत मला दाराजवळ, चपलांशेजारी बसवलं होतं. कुणाचा कोण म्हणून एकानंही विचारलं नाही. मुलाकडचे सगळे आपापल्या नोकऱ्या सांगत होते, आणि माझी पोर एवढी शिकलेली असून मला कुणी बोलू देईना. ती मुलगी आत आली तेव्हा मला तिच्या गोळीची काळजी नव्हती. मी डॉक्टरचा बाप आहे, हे त्या खोलीला कळायला पाहिजे होतं.