नव्याण्णव मेंढरं कोणापाशी

रविवार, ५ फेब्रुवारी

बाईंनी ओळखलंच! चर्चमधली रविवारची शब्बाथशाळा सुटल्यावर पाठाचा रंगवलेला कागद हातात घेऊन मला दाराआड बोलावलं. "हे रंग तुमचे ना?" मी म्हटलं, थोडेसेच — कडेकडेचे. "होडीच्या दोरखंडाचे पीळसुद्धा वेगवेगळे रंगवलेत. सात वर्षांच्या मुलीनं?" मग हसल्या. "मामा, पाठ तिचा आहे. तिला रेषेबाहेर जाऊ द्या."

तिथे सगळे मला मामाच म्हणतात. माझी भाची बारकी म्हणते म्हणून. परवा चर्चचे पाळकसाहेबसुद्धा म्हणाले, "या मामा, बसा!" — वयानं माझ्या वडिलांएवढे!

चष्म्याच्या काचा घासताना केसभर चूक झाली तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. मग देवाच्या पाठात रेषेबाहेर कसं चालेल? पण बाईंशी वाद घातला नाही. मी सातवीत शाळा सोडलेला. आणि शब्बाथशाळा त्याच्याही आधी.

पण ताईनं जाताना बजावलं होतं. "एखाद वेळ उपाशी झोपली तरी चालेल, रविवारचा पाठ चुकवायचा नाही." बारकीचे वडील ती रांगत होती तेव्हाच वारले. ताई तिकडे दूरच्या शहरात एका म्हाताऱ्या बाईंची शुश्रूषा करते, त्यांच्याच घरी राहते. तिथे लेकरू ठेवून घेत नाहीत. म्हणून बारकी माझ्यापाशी.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

या आठवड्याचा पाठ — हरवलेलं मेंढरू. मेंढपाळाच्या शंभरांतलं एक हरवतं, तो बाकीची सोडून ते शोधून आणतो. घरी करायचं ते असं: मोठ्यानं कापसाचं मेंढरू लपवायचं, लहानानं शोधायचं, सापडलं की शेजारच्यांना बोलावून आनंद करायचा. सोपं!

मी ते माझ्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकलं. दोनच टाके, पण बारीक.

बारकीनं पलंगाखाली पाहिलं, पिठाच्या डब्यात पाहिलं, बुटांत पाहिलं. मग फतकल मारून बसली आणि भोकाड पसरलं. शेजारीण विचारायला आली, काय झालं? मी म्हटलं, आनंद करतोय.

"मामा, मेंढराला सापडायचं असतं! ते ओरडतं. तुझं गप्प बसलंय!"

टाके उसवून दिलं. घेईना. शेवटी मीच "बें बें" केलं तेव्हा हसली.

भांडी घासताना मागे येऊन उभी राहिली. "एक हरवलं म्हणून तो शोधायला गेला ना?" हो. "मग नव्याण्णव कोणापाशी ठेवली?"

मी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यात नाही.

बुधवार, ८ फेब्रुवारी

दुकानात भिंगांना विचारलं. आमचे सगळ्यांत जुने कारागीर. काच डोळ्याला इतकी चिकटवून तपासतात की त्यांचं खरं नाव कोणी घेतच नाही.

"नव्याण्णव होय? त्यात काय! मामापाशी ठेवली असतील."

मालकसुद्धा हसले. मीही हसलो. मग उजव्या डोळ्याची काच डाव्या डोळ्याच्या नंबरची घासून ठेवली. संपूर्ण काच वाया! "मामा, मेंढरं सांभाळा, काचा राहू द्या," भिंग म्हणाले.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

बारकीला भिंगांचं उत्तर सांगितलं. तिला लगेच पटलं.

रविवार, १२ फेब्रुवारी

बाईंनाही तो प्रश्न विचारलाच बारकीनं, सगळ्या वर्गासमोर. बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं हा पाठ घेते, कोणी विचारलं नव्हतं. मला विचार करू दे हं." मला बरं वाटलं. बाईंनासुद्धा विचार करावा लागतो!

नवा पाठ: मागणं. घरातल्यांनी रोज संध्याकाळी एकत्र बसून एकच गोष्ट मागायची. प्रत्येकानं आपल्या तोंडानं, पण गोष्ट एकच. कोणती, ते मुलानं ठरवायचं.

बारकीला ठरवायला एक क्षण लागला नाही. "आई येऊ दे आणि मला घेऊन जाऊ दे."

मी म्हटलं, मामानं बाहेर खेळायला न्यावं, असं मागूया का? "ते तू देशील. देवाला कशाला?"

दुपारी ताईचा फोन आला. आवाज घाईचा होता. खोली बघते आहे म्हणाली. सुट्ट्या लागल्या की येते आणि पोरीला नेते. "तुझी सुटका करते रे बाबा आता. तू आपल्या लग्नाबिग्नाचं बघ."

सुटका!

बारकी फोनवर उड्या मारत होती. "बघ मामा! अजून मागितलं पण नाही!"

सोमवार, १३ फेब्रुवारी

पहिल्या संध्याकाळी बसलो. बारकी म्हणाली, आई येऊ दे, मला घेऊन जाऊ दे. मग मी. "ताई येऊ दे आणि —" आणि पुढे नुसतं पुटपुटलो. तिनं एक डोळा उघडून पाहिलं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आज मी थोडा बदल करून पाहिला. "ताई येऊ दे आणि इथेच राहू दे." बारकीनं मध्येच थांबवलं — "असं नाही ठरलं! दोघांनी एकच मागायचं. तुझ्यामुळे चुकलं तर?"

मग तिच्यासारखं म्हटलं. सगळं, शब्दन् शब्द. आणि मनात म्हटलं, एवढ्यात नको. देवाला दोन्ही ऐकू गेलं असणार. कोणतं धरणार तो?

ताई यावी असं मला वाटत नाही का? वाटतं. फार वाटतं! आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. माझं अक्षर तिनं वळवलंय — पाठीमागून हात धरून. ती चुलीपाशी उभी राहून मला हाक मारते आहे असं अजून अधूनमधून भासतं, आणि मी "ओ" देतो. भिंग म्हणतात, एकटा बडबडतोस.

पण ती आली की बारकी जाणार. एक हातात आलं की दुसरं सुटणार. आणि मग ही खोली. तिचे बूट दाराशी नेहमी उलटे पडलेले असतात, मी ते सरळ करून ठेवतो. मग सरळ काय करायचं?

रविवार, १९ फेब्रुवारी

बारकीनं वर्गात उभं राहून सांगितलं, "आमचं मागणं सुट्टीत मिळणार आहे." सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर होतो. मीही वाजवल्या.

निघताना बाईंनी हाक मारली. "तुमच्या मेंढरांचा विचार केला मी. मला वाटतं, ती नव्याण्णव एकमेकांपाशी राहिली असतील." मी मान हलवली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही बरे आहात ना, मामा?" हो हो, म्हटलं.

आज रविवार असून ताईचा फोन नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

अजून फोन नाही. बारकी म्हणते, आई खोली झाडत असेल. मी लावला तर उचलला नाही.

खरं लिहितो — मला हायसं वाटलं. मग वाटलं, आजारी तर नसेल ना? काय माणूस आहे मी!

बुधवार, २२ फेब्रुवारी

बारकीनं आपले कपडे पिशवीत भरून ठेवलेत. आत्तापासूनच! रोज सकाळी त्यातूनच काढून घालते. माझा एक रुमालही घेतलाय. विचारलं, हा कशाला? "वास यायला."

बाहेर जाऊन उभा राहिलो जरा वेळ.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

ताईचा फोन दुकानात आला. ती लग्न करते आहे. त्या म्हातारीच्या पुतण्याशी. माणूस चांगला आहे म्हणाली, दोनदा म्हणाली. मी विचारलं, आणि बारकी? "त्याला अजून सांगितलेलं नाही रे. तुझ्यापाशीच राहू दे." किती दिवस? ती रडायला लागली. मग म्हणाली, तिला तूच सांग काहीतरी.

म्हणजे मी मनातल्या मनात मागत होतो, ते मिळालं.

घरी आलो तर बारकी मागायला बसलेली, माझी वाट बघत. "आज तू आधी."

मी म्हटलं, ताई येऊ दे. आणि हिला घेऊन जाऊ दे. आज मनातही तेच म्हटलं.

बारकी म्हणाली, "मामा, आज बरोबर म्हटलंस."