बगरूची लाल चादर

बाबा, आज मला तुमच्यावर मनसोक्त रागवायचं आहे. तुम्ही होता तेव्हा तुमच्यापुढे आवाज चढवायची माझी टाप नव्हती.

तो रविवार अजून दिसतो. उभ्या जन्मात रुमालसुद्धा विकत न आणलेले तुम्ही स्कूटरवरून बगरूला, कापड छापणाऱ्यांच्या त्या गावी जाता, गडद लाल-काळ्या छाप्याची चादर आणता आणि पांढरी काढून ती स्वतः पलंगावर घालता. आई हरखून जाते. "मळखाऊ आहे," तुम्ही म्हणता. मळखाऊ! शौचाला रक्त पडत होतं, कपड्यांना डाग लागत होते, आणि तुम्ही ते चादरीत लपवत होता. आईला संशय आला तेव्हा म्हणालात, "इथल्या मिरचीने मूळव्याध झालीय. बदली झाली की साताऱ्याला आपल्या वैद्यांना दाखवू." आपल्या बदलीवाल्यांचं सगळंच असं, दाढ काढण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं 'तिकडे गेल्यावर'. रक्त काय बदलीच्या ऑर्डरची वाट बघतं?

आठ महिन्यांनी मीच तुम्हाला मालवीय नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. "साहबजी, बवासीर है ये किसने बताया आपको?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "जी, हमको लगा." लगा! विमा कंपनीच्या नोकरीत अर्ज भरून घेताना लोकांना दहादा विचारायचात, काही आजार लपवला नाही ना? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. मूळव्याध असेल, चीर असेल, आतड्याला सूज किंवा गाठ असेल, नाहीतर कर्करोगही, आणि तपासल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही. रक्त पुन्हा पुन्हा दिसलं, शौचाची सवय बदलली, वजन उतरलं, तर दाखवायचंच. रक्त थांबेना किंवा चक्कर आली तर तडक इस्पितळ गाठायचं. तुमचा पट्टा चार भोकं आत गेला होता आणि आम्ही कौतुकाने म्हणत होतो, बाबांचं पोट उतरलं! तपासणीत कर्करोगच निघाला, तेव्हा "थोडा पहले आते तो," एवढंच बोलून डॉक्टर थांबले. ते वाक्य मी इतकी वर्षं एकटा पुरं करतोय, बाबा, आणि दरवेळी तुमचाच राग येतो.

हे पत्र कुठे टाकणार? इथेच राहील. डॉक्टरांकडे उद्याचा नंबर लावला आहे, माझ्या नावाने. मलाही रक्त दिसलं, त्याला तीन आठवडे झाले. त्याच दिवशी ट्रंकेतून तुमची चादर काढून मी माझ्या पलंगावर घातली. बायकोला सांगितलं, बाबांची आठवण येते.